अंबाडीची उडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. चहा तोंडात असताना ठसका लागला तर जबाबदारी माझी नाही! जन्मभर कॉलेजात बास्केटबॉल शिकवला मी, आणि एकदा माझा असा काही पोपट झाला की मलकापूरच्या त्या मैदानासमोरून जाताना अजून मान खाली घालतो.

आमचं कॉलेज मोताळ्याकडचं. इकडे कबड्डी म्हणा, कुस्ती म्हणा, गाव लोटतं. बास्केटबॉल म्हटलं की लोक विचारतात, "सर, त्या टोपलीले बूड काऊन नाही?" अशा ठिकाणी मी मुलींची टीम उभी केली. उभीच होती बिचारी, जिंकत काही नव्हती.

शेवटी प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "सर, यंदा एक तरी मॅच जिंका. नाही तर टीम बंद. त्या मैदानावर गाड्यांचं स्टँड करून टाकू."

मी हबकलोच! कप्तान होती रोहिणखेडची करुणा इंगळे. तिचं शेवटचं वर्ष. सरावासाठी पहाटेची एसटी पकडून यायची पोरगी. तिला काय सांगणार होतो, तुझ्या रिंगखाली आता मोटारसायकली लागणार म्हणून?

त्यातच मला प्रशिक्षणासाठी अमरावतीला जावं लागलं. तिथून मी दोन गोष्टी शिकून आलो. बेडूकउड्या कशा मारायच्या, आणि खेळाडूनं पालेभाजी का खायची.

परत येऊन बघतो तर मैदान कसं सपाट, गुळगुळीत! माझ्यामागे तिथंच संस्थेच्या अध्यक्षांचा सत्कार झाला होता. पावसाचे दिवस, पाहुण्यांचे पाय चिखलात जायला नकोत, म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लावून मुरूम टाकला आणि वरून रोलर फिरवला. मी मुद्दाम जाऊन अध्यक्षांचे आभार मानून आलो. आभार! हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवसापासून बेडूकउड्या सुरू. शिवाय फर्मान काढलं, प्रत्येकीनं रोज अंबाडीची भाजी खायची. अंबाडीच का? अहो, शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आपोआप मिळते, दुसरं काय!

आठवडाही झाला नसेल. करुणानं उडी मारली आणि बोटं थेट जाळीला! तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. लांबून टाकलेले चेंडूही टपाटप रिंगमध्ये. मला तर भरून आलं हो. मी मैदान दणाणून सोडलं, "शाब्बास! शाब्बास गं पोरींनो!"

पोरी एकमेकींकडे बघून हसल्या. मला वाटलं, लाजल्या.

मग काय विचारता! स्टाफरूममध्ये माझं एकच पालुपद, अंबाडी आणि उडी. पेपरात बातमी आली, हातात अंबाडीची जुडी धरलेल्या माझ्या फोटोसकट. पिंपळगाव राजाच्या एका शाळेनं व्याख्यानाला बोलावून शाल-श्रीफळ दिलं. तिथं मी छातीठोकपणे सांगितलं की या भाजीत डोळ्यांना न दिसणारी स्प्रिंग असते. हसू नका, टाळ्या पडल्या होत्या!

करुणाची आई मात्र बाजारात भेटली ती हात जोडूनच.

"सर, पोरगी रोज अंबाडीच मागून राह्यली. घरात सारे कटाळले. तिच्या बापानं तं काल ताटच सरकवलं. आता मेथी चालन का?"

"अजिबात नाही! मॅच होऊ द्या आधी."

मॅच मलकापूरला होती. प्राचार्य जातीनं हजर, पुढच्याच खुर्चीत. शिट्टी वाजली. करुणानं लांबून चेंडू मारला, तो रिंगच्या खालून गेला. पुढचा जाळीला घासून आला. त्यापुढचा जाळीपर्यंतही पोचेना! समोरच्या पोरी धडाधड गुण घेऊन राहिल्या होत्या आणि प्राचार्य चष्मा पुसून राहिले होते.

आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. लबाडी! यांनी रिंग वर चढवली!

मी सरळ मैदानात घुसलो. "पंच, थांबवा मॅच! रिंग उंच आहे. मोजा!"

यजमान कॉलेजचे सर वयानं मोठे, शांत माणूस. त्यांनी शिडी आणवली, टेप आणवला. सारं मैदान माना वर करून बघतंय. दहा फूट. नियमात असते तेवढीच, बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही.

"टेप खोटा असेल," मी म्हणालो. मी! त्यांनी दुसरा टेप आणवला. दहा फूट!

ते सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सर, आमची तं दहाच फूट हाय. तुमची किती हाय बाप्पा?"

मी गुपचूप बाकावर येऊन बसलो. मध्यंतरात करुणा जवळ आली.

"सर, रागावू नका. आपली रिंग खाली हाय."

"खाली? ती काय चालत खाली आली?"

"रिंग नाही आली, सर. जमीन वर गेली. सत्काराच्या टायमाले तो मुरूम नाही का टाकला?"

अरे देवा! खांब जिथल्या तिथं आणि पायाखाली हातभर मुरूम! पोरी उंच उडतच नव्हत्या, मैदान वर चढलं होतं. आणि मी अंबाडीवर व्याख्यानं देत हिंडत होतो!

भांबावलो की माझी भाषा आपोआप घरची होते. "तुले माहीत होतं?"

"साऱ्यायले माहीत होतं."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

ती बुटाकडे बघत म्हणाली, "सर, तुम्ही पयल्यांदाच शाब्बास म्हणलं आमाले. इतके खूश कधी दिसलेच नव्हते. कोण सांगन मंग?"

खूप आठवून बघितलं. खरंच, त्याआधी मी शिट्टी वाजवली होती, ओरडलो होतो, पण शाब्बास? कधीच नाही. डोळे भरून आले. तिनं स्वतःची पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

"तुम्ही पाणी प्या, सर. आता लांबून कोणी मारत नाही. आत घुसतो आन् बोर्डावर मारतो. फक्त तुम्ही काही सांगू नका."

मी काही सांगितलं नाही. माझ्या अख्ख्या नोकरीतलं ते सगळ्यात चांगलं कोचिंग! पोरींनी एकेक गुण ओढून आणला आणि शेवटच्या मिनिटाला करुणानं बोर्डावरून चेंडू टाकून मॅच काढली.

प्राचार्य धावत आले. "वा सर! ही अंबाडीची ताकद!"

खरं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात करुणा मध्ये पडली. "हाव सर, अंबाडीचीच!"

टीम वाचली, माझी अब्रूही वाचली. त्याच रविवारी पोरींनी आणि मी फावडी-घमेली घेऊन सगळा मुरूम उपसला. त्यानंतर कुठल्याही पोरीचा चेंडू रिंगमध्ये जावो की रस्त्यावर, माझं शाब्बास ठरलेलं. या पोरींचे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही.

गेल्या पावसाळ्यात रिटायर झालो. निरोप समारंभ मैदानावरच. करुणा आता स्वतः शाळेत खेळ शिकवते. ती आली आणि स्टेजवर माझ्या हातात एक छोटा खोका दिला. मला वाटलं, घड्याळ. उघडला तर टेप!

"शाल तं सारेच देतात, सर," ती म्हणाली.

लोक हसले, मीही हसलो. म्हटलं, आज होऊनच जाऊ दे. तिथल्या तिथं शिडी मागवली, टेप रिंगला लावून खाली सोडला आणि वाकून आकडा वाचला. पुन्हा वाचला. नऊ फुटांच्या जरा वर!

मांडवासाठी आदल्याच दिवशी मुरूम टाकला होता. ट्रॅक्टरवाल्यापाशी उभं राहून, "टाक बे आणखी एक ट्रॉली, पाहुण्यांचे पाय चिखलात जायला नकोत," असं कोण ओरडत होतं? मीच!

करुणानं खाली वाकून आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडली, "शाब्बास, सर!"