मैदानाशेजारची विहीर

वटार गावातली केळीची वाडी भावाच्या हवाली करून मी गोल्फच्या मैदानावर गवत सांभाळायला गेलो, तेव्हा नातेवाइकांनी यथेच्छ टिंगल केली. "केळी सोडून गवत पिकवतोस? मग दोन म्हशी तरी बांध!" मैदान नऊ भोकांचं, राजोडीच्या अंगाला, एका रिसॉर्टच्या मागे. ते होणार कळल्यावर गाव चवताळलं होतं, कारण समुद्र उशाशी. आमच्याकडे जमिनीत गोडं पाणी वर आणि खारं त्याच्या खाली असतं. जास्त उपसा केला की खारं वर सरकतं.

गावच्या बैठकीत मीच छाती पुढे काढून उठलो. म्हटलं, "गवत मी बघणार. विषारी औषध नाही, रासायनिक खत नाही, आणि पाणी चाखल्याशिवाय पंप चालू करणार नाही."

मैदानाला लागून माझ्या काकीची विहीर आणि पानवेलींची वाडी. तिच्या संमतीवर बऱ्याच जणांचं मत अडलं होतं. ती एवढंच म्हणाली, "हा हाय ना तिकडं, मग माझी हरकत नाय."

मी शब्द पाळला, निदान तसं मला वाटत होतं. तण हाताने उपटलं, शेणखत घातलं. गवतही मुद्दाम खारं पाणी सोसणारं निवडलं. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना हे सगळं सांगताना मी नाकाने कांदे सोलायचो. रोज सकाळी बावखलावर, म्हणजे पंप बसवलेल्या जुन्या गोड्या पाण्याच्या तळ्यावर, जायचं, ओंजळभर पाणी चाखायचं आणि मग पंप लावायचा. वडील रहाट जुंपण्याआधी असंच करायचे.

त्या वैशाखात मैदानावर स्पर्धा होती. मालकाला सगळं हिरवंगार हवं होतं. पंप सकाळ-संध्याकाळ चालू लागला. पाणी गोड लागत होतं, मग मी कशाला थांबतोय?

तेवढ्यात काकीच्या पानवेलींच्या कडा करपू लागल्या. मी शहाण्यासारखा सल्ला दिला, "रोग आहे, आंबट ताक फवार." बिचारीने फवारलं.

एका दुपारी तहान लागली म्हणून गवतावरचाच पाइप तोंडाला लावला आणि थुंकलो. पाणी चक्क खारट होतं. वडिलांच्या रहाटाचे पोहरे वरचंच पाणी घ्यायचे, म्हणून त्यांचं वरचं चाखणं बरोबर होतं. माझ्या पंपाची नळी मात्र बावखलाच्या तळाशी, खाऱ्या पाण्यात. मी चाखत होतो एक आणि उपसत होतो दुसरं, आणि माझं ते गुणी गवत मीठ पिऊनही हिरवंच राहिलं. साधं गवत असतं तर आठवड्यात जळून मला शुद्धीवर आणलं असतं. स्वतःचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

पंप बंद केला आणि तसाच काकीकडे निघालो, सगळं सांगून टाकायला.

तिने नेहमीप्रमाणे आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. म्हणाली, "टँकरचं हाय. विहिरीचं आता कोणाला देत नाय, पार खारं झालं."

मी म्हटलं, "काकी, ते पाणी..."

"माहीत हाय मला. त्या बिल्डिंगवाल्यांनी बोअर मारून मारून पानी ओढलं. बरं तू मैदानावर हायस, नायतर मैदानवाल्यांनी पन सोडलं नसतं."

तोंडापर्यंत आलेलं गिळलं. "हो," म्हणालो. तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि घरी आलो. रात्री जेवण गेलं नाही. बायकोला उन्हाचं कारण सांगितलं.

मालकाशी भांडून उपसा निम्म्यावर आणला. नळीही वर घेतली. मग पावसाळा होऊन गेला, तरी विहीर गोड झाली नाही. काकी चारचौघांत माझं कौतुक करते, तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून तिथून उठतो.

परवा तिचा निरोप आला. वाळलेल्या पानवेली उपटायच्या होत्या, आणि परक्याचा हात लावू द्यायला तिचं मन होत नव्हतं. मी गेलो आणि सगळ्या वेली उपटून दिल्या.