एक्केचाळीस नंबरचा दिवा

माझ्या कपाटात मातीचे आणि काशाचे बासष्ट जुने दिवे आहेत. दूर राहणाऱ्या नातवंडांना कळावं म्हणून प्रत्येकाला मी इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी बांधली आहे. एक्केचाळीस नंबरचा काशाचा दिवा घाटंजीच्या बाजारात तांड्यावरच्या एका बंजारा बाईकडून घेतला. तेव्हापासून दर दिवाळीला ती तो मागून नेते. तांड्यातल्या मुली अमावस्येला दिवे घेऊन घरोघरी फिरतात, तेव्हा तिच्या नातीच्या हातात हाच लागतो. दुसऱ्या दिवशी तो काजळी-तेलासकट परत येतो आणि मी पुसत बसते.

यंदा बोटं फार दुखत होती. तिला म्हटलं, "आता तुझ्याकडेच ठेव गं."

"नको बाई! घरी ठेवला तं पोट्टे भंगारात इकतीन. तुमच्यापाशी कुलपात बरा हाय."

"आणि मी गेल्यावर?"

"मंग नातवायले सांगून ठेवा ना. कायले शिकवलं त्यायले एवढं?"

मी दिवा पुसून जागेवर ठेवला. बाळांनो, बाकीचे कोणालाही देऊन टाका, माझ्याच्यानं आता होत नाही. हा मात्र दिवाळीत तिच्या घरचं कोणी मागेल त्याला द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत घ्यायचा. त्यासाठी तुमच्यापैकी कोणाला तरी इथे असावं लागेल.