दिवेवाल्याकडे बाबा नापास

आमचे बाबा ड्रायव्हिंगची टेस्ट घेतात. म्हणजे लोक गाडी चालवतात आणि बाबा शेजारी बसतात. "पुढे डावीकडे घ्या", "इथे थांबवा", "आता रिव्हर्स", एवढंच बोलतात. टेस्ट संपली की दार उघडायच्या आधी "पास" किंवा "नापास" म्हणतात आणि उतरून जातात. मधल्या वेळात त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही. ड्रायव्हिंग स्कूलवाले त्यांना मौनीबाबा म्हणतात. एखाद्याच्या वाट्याला बाबा आले की त्याला आदल्या दिवशी बजावून ठेवतात, "साहेब खिडकीबाहेर बघायला लागले तर ते चांगलं की वाईट, याचा विचार करत बसू नकोस. समोर बघ."

यामागे बाबांचं तत्त्व आहे. परीक्षकाने मान डोलावली तर उमेदवार शेफारतो आणि भुवई उंचावली तर गडबडतो. दोन्हींमुळे माणसं मरतात. मी लहानपणी त्यांना विचारलं होतं, की एखादा फारच छान चालवत असेल, तर?

"तर तो चालवतोच आहे," बाबा म्हणाले. "त्याला सांगून काय मिळणार?"

तत्त्व उत्तम आहे, माझी तक्रार नाही. फक्त ते ऑफिसात ठेवून यायचं तर बाबा रोज घरी घेऊन येतात. जेवण चांगलं झालं तरी ताट रिकामं होतं, बिघडलं तरी होतं. आई केस कापून आली की ते एकदा नीट बघतात, नोंद घेतात आणि पेपर उघडतात. निकाल काही लागत नाही. मी स्वतः दुसऱ्या साहेबांकडे टेस्ट देऊन नापास झाले तेव्हा घरी येऊन रडले, तर बाबा म्हणाले, "बरोबर केलं त्यांनी." त्यांच्याकडून कौतुक ऐकायला मिळालं ते तेवढंच, आणि तेही दुसऱ्याचं.

त्यांचं लग्नसुद्धा टेस्टमधूनच जमलेलं. आई टेस्टला आली, बाबांनी नापास केली. पुन्हा आली, पुन्हा नापास. तिसऱ्या वेळी ती गाडीत बसली, पण बाबा बाहेरच उभे. म्हणाले, "तुमची टेस्ट आज दुसरे साहेब घेतील. तुमच्या बाबतीत मी निःपक्षपाती राहिलेलो नाही." ही मागणी होती हे आईला घरी पोचल्यावर कळलं. दुसऱ्या साहेबांनीही तिला नापासच केलं. आई अजून गाडी चालवत नाही.

आई बेकरीत केकवर नक्षी काढते, नावं लिहिते. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलते आणि घरी येऊन त्याचं सगळं सांगते. बाबा ऐकतात. गेल्या हिवाळ्यात बेकरीतल्या वरच्या फळीवरचे डबे काढताना ती स्टुलावरून पडली आणि पाय मोडला. प्लास्टर घालून घरी बसवली. बोलायला कोणी नाही, आणि संध्याकाळी घरी येणारा माणूस हा असा. ती भिंतींशी बोलायला लागण्याआधी काहीतरी करावं म्हणून मी टॅबवर एक गेम घालून दिला.

गेम म्हणजे गोष्टच असते. चित्रं येतात, खाली वाक्यं येतात, आपण वाचायचं. एका बंदराच्या गावात एक बाई दुकान टाकते आणि तिच्या आयुष्यात चार पुरुष येतात: एक डॉक्टर, एक गायक, एक बोटींच्या मालकाचा मुलगा आणि एक दीपगृह सांभाळणारा. मधेमधे तीन पर्याय येतात. आपण काय बोलायचं ते निवडायचं, आणि त्यावर गोष्ट वळत जाते. एकूण नऊ शेवट आहेत. जो शेवट मिळाला त्याचं चित्र एका पानावर उघडतं. बाकीचे काळे चौकोन.

मी वेगळी राहते. आठवडाभराने जाऊन बघितलं, तर आईचं एकच चित्र उघडलेलं. दीपगृहवाला. ती त्याला दिवेवाला म्हणते. तोच शेवट तिने किती वेळा मिळवला होता देव जाणे.

"अगं, बाकीचे पण बघ की," मी म्हटलं. "डॉक्टर काय वाईट आहे?"

"एकाशी जमलंय ना? मग उगाच बाकीच्यांना कशाला नादी लावू?"

दिवेवाला अगदी कमी बोलणारा. उंच, खांदे पाडून चालणारा, दिवसभर काचा पुसत बसणारा. मी घरी फोन करून बाबांना चिडवलं, "बाबा, आईने गेममध्येपण तुम्हालाच शोधलंय." बाबा म्हणाले, "असं?" त्यांच्या मानाने हा आनंदाचा चित्कार होता.

तो आनंद रविवारपर्यंत टिकला. रविवारी मी तिथे असताना आई म्हणाली, "प्लास्टर निघालं की मी ताईकडे राहायला जाणार आहे." ताई म्हणजे माझी मावशी. काका गेल्यापासून मोठ्या घरात एकटीच असते, वरची खोली रिकामीच आहे, आणि बोलण्यात आईची बहीण शोभते.

"किती दिवस?" मी विचारलं.

"बघू."

आईच्या "बघू"ला मी ओळखते. माझी शाळेची सहल, घरातला कुत्रा आणि माझा पहिला मित्र हे तिघेही "बघू"मध्येच गेले. मी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "बरं."

खरं सांगायचं तर मी आईच्या बाजूची होते. त्या "बरं"वर मला त्यांचा इतका राग आला की मी चहा न घेताच निघाले. बाबा जिन्यापर्यंत आले आणि मी खाली उतरताना म्हणाले, "तो गेम माझ्या फोनवर येतो का? आणि त्याचे निकष कुठे दिलेत?"

निकष नसतात म्हटल्यावर ते अस्वस्थ झाले. मी सांगितलं, की हवं तिथे गोष्ट राखून ठेवता येते, उत्तर चुकलं तर मागे येऊन दुसरं देता येतं. हे तर त्यांना मुळीच पटलं नाही. "म्हणजे खांबाला धडकायचं, आणि मागे येऊन पुन्हा वळायचं? असं कुठे असतं का." त्यामुळे ते प्रत्येक वेळी अगदी पहिल्यापासून खेळायचे. जेवणाच्या सुट्टीत, टेस्टच्या गाडीत, बाजूच्या सीटवर बसून, पायाखाली परीक्षकासाठी बसवलेला दुसरा ब्रेक.

पहिल्या फोनवर त्यांनी सांगितलं, "डॉक्टर झाला."

"झाला म्हणजे?"

"त्याने मागणी घातली."

मग गायक झाला. मग बोटवाला झाला, तोही अंगठी घेऊन गुडघ्यावर बसून. साठीला आलेल्या आमच्या बाबांच्या गळ्यात तिघे पुरुष एकामागून एक पडले, आणि बाबांनी ते मला पाणीपट्टी भरल्यासारखं सांगितलं. त्यांचं म्हणणं, हे तिघे सोपे आहेत. त्यांना फक्त स्वतःबद्दल बोलायचं असतं, आपण अडवलं नाही की झालं.

दिवेवाल्याने मात्र त्यांना नापास केलं.

पुन्हा खेळले, पुन्हा नापास. प्रत्येक वेळी तोच शेवट. त्याचं चित्र बाबांनी मला दाखवलं. ती बाई दुकानाला कुलूप लावून, बॅग घेऊन बोटीत बसली आहे. वर दीपगृहात तो पाठमोरा उभा राहून काच पुसतोय. खाली एकच ओळ: "ती गेली. त्याने दिवा वेळेवर लावला."

"याची पद्धतच चुकीची आहे," बाबा मला फोनवर म्हणाले. असे तावातावाने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "चूक झाली तिथे सांगत नाही. बरोबर आलं तरी सांगत नाही. चेहरा तसाच. आणि शेवटी एकदम नापास. माणसाने समजायचं कसं?"

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही काय करता?"

पलीकडे मागे कोणाची तरी गाडी गचके खात बंद पडल्याचा आवाज आला. बाबा म्हणाले, "उमेदवार आलाय," आणि फोन ठेवला.

शुक्रवारी प्लास्टर निघालं. शनिवारी मी आईची बॅग भरायला गेले. मावशी रविवारी गाडी घेऊन येणार होती. आई पलंगावर बसून काय घ्यायचं ते सांगत होती. उन्हाळ्याचे कपडेही घे म्हणाली तेव्हा मी हातातला स्वेटर पुन्हा पुन्हा घडी करत बसले. बाजू घेणं वेगळं आणि उन्हाळ्याचे कपडे घडी करून भरणं वेगळं. मला माझे आईबाप एका घरात हवे होते, त्यातला एक मुका असला तरी.

तेवढ्यात बाबा आले. बूट न काढता थेट खोलीत. आईने त्यांच्या बुटांकडे बघितलं.

"तुझ्या त्या दिवेवाल्याकडे मी नापास होतोय," बाबा म्हणाले.

"तुम्ही खेळता?"

"बाकीचे तिघे झाले."

"लग्न ठरलंय त्यांचं, तिघांशीही," मी सांगितलं.

आईने हात पुढे केला. बाबांनी फोन दिला आणि पलंगाच्या कडेला बसले. पहिलाच प्रसंग उघडला: दिवेवाला काच पुसतोय, ती जिन्यावर उभी आहे. तीन पर्याय आले. काही न बोलता शेजारी बसा. उद्या येते म्हणा. काच पुसताना तो गुणगुणत होता हे त्याला सांगा.

"यातला कुठला घेता?"

"पहिला."

"दर वेळी?"

"गप्प माणूस आहे. त्याला कशाला त्रास द्यायचा?"

आईने तिसरा दाबला. दिवेवाला लाल झाला. फडकं हातातून खाली पडलं. मग म्हणाला, "तू परवा दुकानाची पाटी रंगवलीस. वरून दिसत होतं. अक्षर छान आहे तुझं."

"बघा," आई म्हणाली. "बघत होताच तो. पण इथे मी बोलले की तो बोलतो. गप्प माणसाला समोरचा गप्पच आवडतो, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

बाबा स्क्रीनकडे बघत राहिले.

"तीस वर्षं मी बोलतेय आणि तुम्ही ऐकताय," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त वाईट वाटलं. "ऐकता, नाही म्हणत नाही मी. पण माझं बरं चाललंय की वाईट, मला कळलंच नाही हो कधी. मी अजून त्या गाडीतच बसलेय."

मी हातातला स्वेटर तसाच धरून उभी राहिले. बाहेर जावं हे कळत होतं, पण पाय निघेना.

"तू रागावलीस की कपाटाची दारं हळू लावतेस," बाबा म्हणाले. समोर रस्त्याकडे बघत बोलावं तसे ते भिंतीकडे बघून बोलत होते. "लोक आपटतात. तू हळू लावतेस. केकवर लहान मुलाचं नाव लिहायच्या आधी ते एकदा मोठ्याने म्हणतेस. मग लिहितेस. दाढीवाल्या माणसाचं असेल तर म्हणत नाहीस."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"काचेतून दिसतं. मी तुझ्या सुटायच्या वेळेला येतो. काम चाललेलं असलं तर आत येत नाही, बाहेर थांबतो. मग आपण रस्त्यात भेटतो."

"मला वाटायचं योगायोगाने भेटता."

"नाही."

बाबांनी थोडा विचार केला.

"तू पडलीस त्या दिवशी बेकरीतून फोन आला. माझ्या जागी दुसरे साहेब यायला वेळ लागला. तोपर्यंत रांगेत उभे होते तेवढ्यांच्या टेस्ट मी घेतल्या." ते थांबले. "सगळे पास केले."

"सगळे?" हे मी म्हटलं. बाबांच्या उभ्या नोकरीत असा दिवस उजाडला नव्हता.

"एक जण लाल सिग्नल तोडून गेला. मला सिग्नल दिसला नाही. मला काहीच दिसत नव्हतं."

"अहो, मग त्याचं काय झालं?" आईने घाबरून विचारलं.

"तुला घरी आणल्यावर सगळ्यांना फोन केले. परत बोलावलं. पुन्हा टेस्ट घेतली."

"आणि?"

"सगळे नापास."

आई हसायला लागली. दुखरा पाय दोन्ही हातांनी धरून हसली, मग तसंच हसता हसता रडायला लागली, आणि डोळे पुसायला तिने माझ्या हातातला स्वेटर ओढून घेतला. बाबांना वाटलं आपलं काम झालं. ते उठले आणि बूट काढायला निघाले.

"बसा," आई म्हणाली. "आणि?"

बाबा बसले. आणि त्यांनी पुढचं सांगायला सुरुवात केली. तीस वर्षांचं साठलेलं होतं ते सगळं, ओळीने, काही न वगळता, आवाजात जराही चढउतार न करता. मी ऐकत ऐकत बॅगेतले कपडे काढून परत कपाटात लावायला लागले. कोणी मला थांबवलं नाही.

मधेच आई माझ्याकडे वळली. "ताईला फोन लाव. म्हणावं, उद्या येऊ नकोस, मी येत नाही. यांचं बोलणं अजून संपलेलं नाही."

मी मावशीला तसं सांगितलं. तिने दोनदा विचारलं, "कोणाचं?" तिला काही केल्या खरं वाटेना. शेवटी मी फोन बाबांच्या जवळ धरला. ते तेव्हा आईच्या केसांबद्दल बोलत होते, कुठल्या वर्षी ते कसे होते आणि त्यातले त्यांना कुठले आवडले होते.