लंगोट सोडून पाहणाऱ्या मंगलसिस्टर

श्रीमती मंगल तांगडे यांची माझी पहिली ओळख माझ्या चुकीतून झाली. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात ते लिहायला संकोच वाटतो, पण ते वगळून सिस्टरांविषयी खरे काही लिहिता येणार नाही.

मी तेव्हा बालरोग विभागात नुकतीच शिकाऊ डॉक्टर म्हणून रुजू झाले होते. नवजात अर्भकांच्या कक्षाच्या प्रमुख परिचारिका मंगलसिस्टर होत्या. फर्दापूरजवळच्या एका वस्तीवरची, मेंढपाळ कुटुंबातली संगीता एका संध्याकाळी बाळंत झाली होती. तिचा मुलगा मीच तपासला होता आणि कागदावर ‘सर्व अवयव व्यवस्थित’ असे लिहून सही केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांनी मला बाजूला बोलावले.

“डॉक्टर, हे बाळ तुम्ही तपासलंत?”

“हो.”

“लंगोट सोडून?”

लंगोट मी सोडलाच नव्हता.

“शीची जागाच नाही त्याला,” त्या अगदी हळू म्हणाल्या. तीन खाटा पलीकडे संगीता होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. बाळाचे पोट फुगू लागले होते. माझे डोळे भरून आले. सिस्टर म्हणाल्या, “आधी कागदावर दुरुस्ती करा. रडायला दुपारी वेळ आहे.” तोवर त्यांनी बाळाचे दूध थांबवले होते, नाकातून पोटात नळी घातली होती आणि शल्यचिकित्सकांना निरोप धाडला होता. त्यानंतर या चुकीबद्दल त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत.

जन्मतःच गुदद्वार नसणे हा दोष विरळा. बहुधा तीन टप्प्यांत शस्त्रक्रिया कराव्या लागतात: आधी पोटावर शौचाची तात्पुरती वाट काढायची, काही महिन्यांनी मूळ जागी द्वार तयार करायचे आणि ते नीट झाले की पोटावरची वाट बंद करायची. हे घरच्यांना सांगायचे काम माझे होते. सिस्टर माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. संगीताच्या सासूबाई ठाम होत्या.

“देवानं दार ठेवलं नाय, तर आपुन कोण काढणार? हिनं गिराणात भाजी चिरली, त्याचं फळ हे. लेकरू घरी न्या.”

ग्रहणात भाजी चिरल्याचा आळ ऐकत संगीता खाली मान घालून बसली होती. सिस्टर शहरी बोली सोडून म्हणाल्या, “गिराणात भाजी म्या बी चिरली व्हती, आजी. माझी दोन्ही लेकरं धडधाकट हायेत. तिचा काय बी दोष नाय.”

“जगंल का पर?” आजींनी विचारले.

“आज आपरेशन केलं नाय तर जगणार नाय, एवढं पक्कं ठावं हाय. पुढचं पुढं बघू.”

आजींनी पदराने डोळे पुसले आणि मानेनेच होकार दिला.

पहिली शस्त्रक्रिया पार पडली, पण बाळाच्या पोटावर काढलेल्या वाटेचे ते लाल तोंड संगीताला पाहवेना. सिस्टरांनी तिला घाई केली नाही. पहिल्या दिवशी तिला नुसते शेजारी बसवले, दुसऱ्या दिवशी तिचा हात हातात धरून भोवतालची कातडी पुसून घेतली, खोबरेल लावायला शिकवले. आठवड्याने ती सारे एकटीने करू लागली. बाळाचे नाव किसन ठेवून ती मंडळी घरी गेली.

पुढच्या शस्त्रक्रियेची तारीख आली आणि गेली. फोन बंद. पंधरा दिवस सिस्टर रोज सकाळी बाह्यरुग्ण विभागाच्या बाकांवरून नजर फिरवून यायच्या. शेवटी सुट्टीच्या दिवशी त्या एसटीने फर्दापूरला निघाल्या. मीही सोबत गेले. वाटेत मनात नको नको ते येत होते. वस्तीवर पोहोचलो तर किसन अंगणात आजींच्या मांडीवर होता. चांगलाच बाळसेदार!

संगीता म्हणाली, “आता बरं चाललंय त्येचं. पुन्ना चिरफाड कशापायी? त्यातच गेला म्हंजी?”

सिस्टर तिच्या शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, “भ्या मला बी वाटतंय, संगीता. खोटं कशाला बोलू? पर हा साळंत जाईल तवा?”

काहीच न ठरता आम्ही निघालो. परतीच्या प्रवासात सिस्टरांनी एकदाच विचारले, “मी जास्त बोलले का हो?” पुढचा आठवडा आम्ही दोघींनी कसा काढला ते आम्हालाच ठाऊक. आठव्या दिवशी संगीता किसनला कडेवर घेऊन कक्षाच्या दारात उभी राहिली.

दुसरी शस्त्रक्रिया झाली. मग नवी जागा आकसू नये म्हणून संगीताला रोज ती रुग्णालयातून दिलेल्या गुळगुळीत सळईने रुंद करावी लागे. मूल रडे. सिस्टर तिला फोनवरून धीर देत. काही महिन्यांनी पोटावरची वाट बंद केली आणि खरी कसोटी सुरू झाली. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. किसनला शौचाला होईना. शल्यचिकित्सक “थांबू या” म्हणत, पण कुणाचेच जेवणात लक्ष नव्हते. चौथ्या दिवशी दुपारी संगीताची हाक आली, “सिस्टर, झाली!” आम्ही धावलो. सिस्टरांनी लंगोट सोडून पाहिला आणि साऱ्या कक्षाला ऐकू जाईल असे म्हणाल्या, “असा छान वास मी जन्मात घेतला नाही!”

किसन आता शाळेत जातो. सारे सुरळीत झाले असे म्हणणार नाही. त्याला बद्धकोष्ठतेचा त्रास होतो, कधी चड्डी खराब होते. मुले चिडवतात हे कळल्यावर सिस्टर निवृत्तीनंतरही त्याच्या शाळेत गेल्या आणि बाईंना भेटून त्याला न विचारता वर्गाबाहेर जायची मुभा मिळवून आल्या.

आज मी स्वतः शिकाऊ डॉक्टरांना शिकवते. प्रत्येक नवजात बाळ तपासताना अजूनही छातीत धडधड होते. ती धडधड थांबू देऊ नये, असे सिस्टरांनीच मला सांगितले आहे.

गारखेड्यातल्या घरी सिस्टर आता गुडघेदुखीने बेजार आहेत आणि स्वतःच्या तपासण्या टाळण्यात पटाईत आहेत. आम्हा सर्वांना त्याची काळजी वाटते. सिस्टर, या वेळी आमचे ऐका. आपणांस उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, दुखणी दूर राहोत. दुसऱ्यांच्या लेकरांच्या काळजीत आपली इतकी वर्षे गेली. यापुढची वर्षे तरी निवांत झोपेची जावोत, हेच आमचे मागणे.