मागल्या चाकाचं तीर्थ

उदगीरला बसस्टँडच्या मागं माणिकप्पा मिस्त्रींचं गॅरेज आहे. त्याला पाटी नाही. ओरडण्याचा आवाज येईल तिकडे वळायचं, की गॅरेज आलं. तीस वर्षं हा माणूस रागावलेला आहे. सकाळी कपाळाला विभूती लावताना तेवढं अर्धं मिनिट शांत असतो, असं त्यांची बायको गुरम्मा सांगते. पण त्या अर्ध्या मिनिटाचीही ती खात्री देत नाही.

त्या मंगळवारी मी माझी स्कूटर घेऊन, म्हणजे बोलणी खायला, तिथं बसलो होतो. तेवढ्यात भुसार दुकानवाले शंकरप्पा आपली पांढरी गाडी घेऊन आले. गाडी इतकी लख्ख, की तिच्यात बघून भांग पाडावा.

"मिस्त्री, ब्रेक ऑइल टाका जरा. माझी बाटली संपली."

माणिकप्पांच्या हातातला पाना थांबला. "तुमी बाटली ठिवता? कवापासून?"

"तीन महिने झाले. कमी झालं की टाकतो."

"अप्पा, ते काय डिझेल हाय का जळायला? कमी झालं म्हंजे गळालंय! आन तुमी वरून वतालाव?"

"चिडू नका हो. परवा सृष्टीला लातूरला परीक्षेला न्यायचंय. तेवढं भागवा."

सृष्टी म्हणजे शंकरप्पांची एकुलती नात. माणिकप्पांनी गाडीची चावी काढून स्वतःच्या खिशात घातली. "बसनं जावा."

"आमची नात बसनं?"

"बसला ब्रेक असतेत!"

मग मिस्त्री गाडीखाली शिरले. पायडलाजवळ कोरडं, नळ्या कोरड्या, चारी चाकं कोरडी. बाहेर आले ते लालबुंद होऊन. "गाडी कवा धुतली?"

"काल सोमवार न्हवं का? दर सोमवारी धुतो, पूजा करतो, चाकाजवळ नारळ फोडतो."

"हे ऑइल पाण्यानं धुऊन जातंय, अप्पा! चोर धरायला मला बोलवता, आन त्याचे ठसे स्वतः पुसून येता!"

शंकरप्पांनाही आता राग चढला. "कुठं बी गळत न्हाई! ओल दिसती ती मागल्या डाव्या चाकाला, आतल्या अंगाला. ते नारळाचं पाणी हाय. तीर्थ!"

माणिकप्पा एकदम हळू आवाजात बोलायला लागले. मी घाबरून स्टूल मागं सरकवलं.

"नारळ कुठं फोडता?"

"पुढल्या चाकाजवळ. पाणी चारी चाकांवर शिंपडतो."

"आतल्या अंगाला बी?"

"...न्हाई. वरूनच."

"ओल कवा दिसती?"

"रविवारी. धुवायच्या आधी."

"सोमवारचं पाणी रविवारपर्यंत वाळत न्हाई?"

"आमची बायको गौरम्मा म्हणली, शुभ हाय. पुसू नका."

मिस्त्रींनी मागलं चाक काढलं, ब्रेकवरचा ड्रम ओढून काढला. आत सगळं ओलंचिंब. ब्रेक दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरचं रबर फाटलेलं, आणि ज्या पट्ट्यांनी चाक धरायचं त्या तेलानं निथळत होत्या. माणिकप्पांनी शंकरप्पांचं बोट धरून त्यात बुडवलं.

"घ्या तीर्थ. लावा कपाळाला."

शंकरप्पा माझ्या स्टुलावर बसले. मी उठलोच होतो. बुळबुळीत बोट त्यांनी अंगठ्यावर घासून पाहिलं. "पोरगी मागंच बसती," एवढंच म्हणाले.

माणिकप्पांनी सरळ पाना उचलला. दोन्ही मागल्या चाकांचे सिलिंडर आणि पट्ट्या नव्या घातल्या. मग नळीतली हवा काढायला शंकरप्पांनाच सीटवर बसवलं. "दाबा! धरा! सोडू नका म्हणलं न्हवं का! आता सोडा!" अख्ख्या बाजारात ज्यांचा शब्द चालतो, ते शंकरप्पा तासभर पायडल दाबत राहिले.

गाडी लातूरला जाऊन आली. सोमवारी शंकरप्पा पुन्हा गॅरेजात हजर, आणि गाडी धुळीनं माखलेली! धुतलीच नव्हती. माणिकप्पा आडवे झाले, चाकाच्या आतल्या अंगावरून बोट फिरवलं. बोटाला नुसती कोरडी माती.

शंकरप्पांनी हळूच पिशवीतून नारळ काढला.

"चाकाजवळ न्याल तर बगा!"

नारळ मग गॅरेजच्या दारातल्या दगडावर फुटला. पाणी सगळं मिस्त्रींच्या पँटवर उडालं. दहा मिनिटं त्यांच्या शिव्या चालल्या होत्या, पण तोंडात खोबरं होतं म्हणून नीट कळत नव्हत्या.