हॅल्वर ब्रेक्के आणि बरणीतलं पाणी

हॅल्वर ब्रेक्केनं मोंटानातल्या आमच्या गावात चाळीस वर्षं शाळेची बस चालवली आणि उरलेल्या वेळात ट्राउट मासे पकडायला गळावर लोकरीचे खोटे स्कड बांधले. स्कड म्हणजे ओढ्याच्या शेवाळात राहणारी, भाताच्या दाण्याएवढी कोळंबी. आमचे ट्राउट तिच्यावरच पोसलेले.

चित्र बघून तो कधी बांधायचा नाही. पांढऱ्या बशीत जिवंत स्कड ठेवायचा आणि शेजारी लोकरीचे भिजवलेले पुंजके लावून रंग जुळवायचा. मी घाई केली की म्हणायचा, "क्लाइड, कोरड्या लोकरीवरून रंग ठरवणारा माणूस फोटोवरून बायको करेल." ओढ्याचं पाणी उतरलं की मेलेले स्कड नारिंगी पडतात. त्या आठवड्यात तो फक्त नारिंगी बांधायचा, आणि माझ्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानातून ते दुपारपर्यंत संपायचे.

एका शरदात मी डोंगरापलीकडच्या मोठ्या नदीवरून लोणच्याच्या बरणीत जिवंत स्कड आणले. गिऱ्हाइकं तिकडे जाणार होती, त्यांना तिथलाच रंग हवा होता. हॅल्वरनं रंग जुळवला आणि बरणी परत देताना बजावलं, "हे पाणी उकळ, मगच फेक. त्या नदीत गोगलगाई आहेत."

"हो रे, कळतं मला," मी म्हणालो.

गाडीत बरणी हिंदकळत होती. पुलावर थांबून मी ती ओढ्यात उपडी केली. निव्वळ आळस, दुसरं काही नाही.

दोन वर्षांनी आमच्या दगडांवर मोहरीएवढ्या काळ्या गोगलगाई दिसल्या. त्यांनी शेवाळ फस्त केलं, स्कड विरळ झाले, ट्राउट उपासानं वाळून त्यांची नुसती डोकी मोठी दिसायला लागली. गावच्या सभेत मत्स्यखात्याचा अधिकारी म्हणाला, कुणाच्या तरी पाण्यात उतरायच्या बुटांना चिकटून आल्या असतील. हॅल्वर उठला.

"मी त्या नदीवर दोनदा गेलोय. बूट धुतले होते, पण नीट धुतले होते का, देव जाणे. माझंच काम असणार."

मी दुसऱ्या रांगेत कॉफी ढवळत बसलो होतो. पुढे दुकानात लोक म्हणायचे, "म्हाताऱ्यानं ओढा मारला," आणि मी मोठ्या मनानं म्हणायचो, "चुकतो माणूस." ते आठवलं की आजही स्वतःची किळस येते.

हॅल्वरनं बूट खुंटीला लावले, स्कड बांधणं सोडलं. ओढा त्याच्या दारापासून साठ पावलांवर, पण तो तिकडे फिरकेना. दोन उन्हाळे असेच गेले, तेव्हा कुठे मी त्याच्या स्वयंपाकघरात बसून सगळं सांगितलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरणीभर पाणी उकळायला किती वेळ लागतो?"

"दहा मिनिटं."

"आणि मी रात्रंदिवस ते बूट आठवतोय." त्यानं चष्मा काढून पुसला. "गावात तू सांगतोस की मी सांगू?"

"तूच सांग," मी म्हणालो. "लोक तुझं ऐकतात."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाण्यात उभा होता.

याला तीन वर्षं झाली. तो रोज ओढ्यावर जातो, आणि तो आला की पुलावरची माणसं अजूनही उठून जातात. त्यानं कुणालाही काही सांगितलेलं नाही.