शेवटच्या झाडापर्यंत

कोणाच्याही बागेत गेल्या की बाई आधी ठिबकच्या नळीवर पाय ठेवून ती किती टणक आहे ते अजमावायच्या. नजर मात्र पार टोकाच्या झाडाकडे. "टाकीत पाणी किती ते नका सांगू," म्हणायच्या, "शेवटच्या झाडाला पोचतंय का ते सांगा." आमच्या पारनेरच्या डाळिंबाच्या बागेतही त्यांनी हेच केलं. माझे वडील, नाना, बघतच राहिले.

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, एकच वेड घेऊन फिरणारी. बाई नगरच्या एका कॉलेजात गणित शिकवायच्या आणि डोळ्यातलं रक्त कसं वाहतं त्याची समीकरणं मांडत बसायच्या. काचबिंदूच्या पेशंटचे आकडे घ्यायला आमच्या दवाखान्यात यायच्या. तपासणीच्या मशीनवर मी. बाहेर ही गर्दी, आणि यांचं आपलं चालू, की डोळ्यातला दाब घेतलात ना, आता रक्तदाबही घ्या. माझं डोकंच फिरायचं. डोळ्याच्या दवाखान्यात दंडाला पट्टा कशाला, असं एकदा तोंडावर बोललेही. त्या हसल्या आणि डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढे केली.

त्यात नानांचं दुखणं. काचबिंदूने उजवा डोळा गेलेला. डाव्यात नेमाने थेंब घालायचे, डोळ्यातला दाबही आटोक्यात, तरी दर तपासणीला नजरेचा घेर कमीच. डॉक्टर कोड्यात पडलेले. हाही डोळा गेला तर, हीच मला धास्ती.

बाईंनी नानांना एवढंच विचारलं, बीपीच्या गोळ्या कधी घेता.

"सकाळी धारा काढायची गडबड आसती," नाना म्हणाले. "मंग दोनी गोळ्या रातच्यालाच घेतो."

बाई माझ्याकडे वळल्या. "झोपेत रक्तदाब तसाही उतरतो. मागून रेटणारा जोरच कमी पडला, तर डोळ्यामागची नस उपाशी राहत असेल. पण हे माझं गणित झालं. गोळ्यांचं डॉक्टरांनाच ठरवू दे."

डॉक्टरांनी दिवसरात्र रक्तदाब मोजायचं यंत्र लावलं. पहाटे तो फारच खाली जात होता. त्यांनी गोळ्यांची वेळ बदलली.

बाई आता पुढच्या संशोधनाला परदेशी गेल्यात. पेशंटच्या दंडाला पट्टा मी हल्ली कोणी न सांगता बांधते. खरं सांगू, त्यांची कटकट फार आठवते.

गेल्या आठवड्यात नानांची तपासणी झाली. घेर मागच्या वर्षीइतकाच, तिळभरही कमी नाही. मी मशीनपाशीच रडले. घरी आल्यावर नाना चहालाही थांबले नाहीत. सरळ बागेत गेले, नळीवर पाय ठेवला आणि टोकाच्या झाडाकडे बघत उभे राहिले.

"बाईंना कळीव," म्हणाले. "पोचतंय म्हनावं."